थोरलीचं घर

शनिवारच्या दुपारपर्यंत पोराने घराण्यातले बहुतेक सगळे मेलेले नाकारले होते.

पहिला मान अर्थातच दोर्सिलाच्या सासऱ्यांचा. झब्लोन हे नाव ठरलेलंच होतं. उद्या बिशप येणार, नव्या दगडी चर्चची कोनशिला उघडणार, आणि हे चर्च ज्यांनी स्थापलं त्या झब्लोन ओगुतुंच्या पणतूचा त्यात पहिला बाप्तिस्मा होणार. तसं पत्रिकेत छापूनही झालं होतं. पण पोर जन्मल्यापासून रडत होतं, आणि झब्लोन म्हटलं की जास्तच.

कान्यादेत गावात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसे. गेलेल्या माणसाला घरात परत यायचं असलं की ते तान्ह्याच्या गळ्यातून आपलं नाव मागतं; बरोबर नाव उच्चारलं की पोर गप्प होतं. चर्चने ही चाल कधीच बंद केली होती. म्हणजे ती घरापुढून घरामागे गेली होती.

म्हणून दोर्सिला आपल्या घरामागे, केळीच्या आडोशाला, पपायरसच्या चटईवर बसली होती. मांडीवर नातू, समोर सून मिल्ड्रेड. मिल्ड्रेड किसुमू शहरातली, शाळेत शिकवणारी. पहिल्या आठवड्यात तिने "आई, हे सगळं अडाणीपणाचं आहे" असं सांगून पाहिलं होतं. आज तीच नावं आठवून देत होती.

"ते काका घेतले का, सरोवरात बुडाले ते?"

"सकाळीच घेतले. त्याने ऐकलंसुद्धा नाही."

"आणि ओलो?"

दोर्सिलाने आजूबाजूला पाहिलं. ओलो म्हणजे सासऱ्यांचा धाकटा भाऊ. नाताळच्या भक्तीत दारू पिऊन येऊन, बिशपची गाय समजून बिशपच्या बायकोला दावं लावायला गेलेला. "ओलो," ती शक्य तेवढ्या हळू म्हणाली.

पोर थांबलं.

मग पोराला एक उचकी लागली, आणि ती येऊन गेल्यावर ते पुन्हा रडायला लागलं.

"देवाची कृपा," दोर्सिला म्हणाली. "बिशपसमोर ते नाव सांगायची माझी छाती नव्हती."

मिल्ड्रेड हसली नाही. पोराची टाळू खोल गेली होती, आणि तिची नजर तिथून हलत नव्हती. अंगावर घेतलं की ते दोन घोट ओढायचं आणि काहीतरी आठवल्यासारखं तोंड सोडून द्यायचं. पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा तिथे शांत राहिलं, दूध प्यायलं, आणि घरच्या फाटकातून आत येताच सुरू झालं. परवा नेलं तेव्हा तिथेही थांबलं नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं, सगळं तपासलं आणि काही सापडत नाही म्हणाले. पण पोराचं वजन त्यांनी दोनदा केलं, हे दोर्सिलाने पाहिलं होतं.

आणि ते रडणं पोरासारखं नव्हतं. हातपाय झाडणं नाही, चेहरा लाल होणं नाही. दूर कुठल्यातरी खोलीत एखादी दमलेली बाई एका सुरात रडत बसावी आणि ते भिंतीतून ऐकू यावं, तसं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी दोघींनाही दिसली होती आणि दोघीही बोलल्या नव्हत्या. पोराला कसंही ठेवा, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, मान सावकाश वळायची ती नव्या चर्चकडे.

तेवढ्यात केळीची पानं बाजूला सारून दोर्सिलाचा नवरा हेझ्रोन आला आणि मागोमाग धाकटा दीर नाशोन. नाशोन इथला पाळक. त्याने गळ्याला पाळकाची पांढरी पट्टी लावली होती, म्हणजे मंडप पाहायला आलेल्या पाहुण्यांना भेटून आला असणार.

"वहिनी," तो म्हणाला, "घरामागे काय चाललंय?"

"पोराला वारा देतेय, भाऊजी."

"वारा देताना नावं कशाला लागतात? फाटकापर्यंत ऐकू येतंय. बिशपांचा माणूस बसलाय तिथे."

"मग त्याला सांगा, घराण्याचा इतिहास पाठ करतेय. उद्या तुम्हीही तेच करणार आहात ना, माईकवरून."

हेझ्रोनने घसा खाकरला. घरातला थोरला तो, चर्चच्या वडीलमंडळाचा प्रमुख तो, बांधकाम समितीही त्याचीच. त्यामुळे भाऊ आणि बायको यांच्यामधे त्याचं खाकरणं हा एक पदाचा भाग झाला होता. उद्याचा दिवस नीट पार पडला तर बिशप कान्यादेतला आजूबाजूच्या सगळ्या चर्चांचं मुख्य चर्च करणार होते. नाशोनला त्यातून मोठी जबाबदारी हवी होती, हेझ्रोनला शाळेचं नवं छप्पर. या एका गोष्टीवर दोघा भावांचं वर्षभर जमलं होतं, आणि एवढे दिवस जमलेलं दोर्सिलाने लग्नापासून पाहिलं नव्हतं.

"गवंडी काय म्हणाला?" तिने नवऱ्याला विचारलं.

"वाळू खारट आली म्हणतो."

"एवढ्याच जागी?"

नव्या चर्चची जमीन सगळीकडे खडखडीत वाळली होती. फक्त वेदीच्या अलीकडे एक गोल तसाच ओला होता. मोठ्या परातीएवढा. दोनदा खरवडून पुन्हा सिमेंट टाकलं, दोनदा तेवढाच गोल उमटला. हात लावला तर ओल थंड लागत नव्हती. कोमट लागत होती. हेही दोर्सिलाने स्वतः पाहिलं होतं आणि मनातल्या जमाखर्चात पोराच्या मानेशेजारी मांडून ठेवलं होतं.

"झालं ते झालं," नाशोन म्हणाला. "वहिनी, पोराला घेऊन चला. मिल्ड्रेड, तूही ये. कोनशिलेवरच्या ओळी एकदा वाचून दे, व्याकरण बघ. उद्या किसुमूचे लोक फोटो काढणार."

मिल्ड्रेड उठली, ती आज्ञा पाळायला की घरामागून सुटायला, ते तिलाच माहीत.

शिला आंब्याखाली गोणपाटावर उताणी ठेवली होती. दगड काळा, अक्षरं पांढरी. त्यावरची गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांना लहानपणापासून पाठ होती. दर स्थापना दिनाला नाशोन, आणि त्याच्या आधी खुद्द सासरे, ती गोष्ट सांगत आले होते. झब्लोनना प्रभू भेटला. उपासनेला जागा नव्हती. झब्लोननी आपलं घर प्रभूला दिलं. फाटकाच्या बरोबर समोरची, आवारात पहिल्या बायकोचं घर असतं ती मानाची जागा त्यांनी प्रार्थनाघराला दिली आणि आपल्या एकमेव बायकोचं, युनियाचं घर बाजूला बांधलं. या नम्रतेवर कित्येक लोक ख्रिस्ती झाले. ते मातीचं घर पुरेना तेव्हा भिंती लांबवल्या, मग पत्रे आले. पलीकडच्या टेकडीवरचं कुळ शाळेसाठी आलं, मासेमारीवाले गाण्यांसाठी आले, आणि दोन घराणी एकमेकांच्या आधी बाकडी पकडायला आली. दोर्सिला नवी सून असताना ढोल बंद होते. ढोल परत आले त्या वर्षी चर्च दुप्पट झालं. कोण कशासाठी आलं आणि कोण कशासाठी टिकलं, हे तिला पाळकापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मिल्ड्रेडने मोठ्याने वाचलं. "झब्लोन ओगुतु यांनी आपलं घर प्रभूला दिलं." मग ती थांबली. "काका, व्याकरण बरोबर आहे. पण कुणाचं घर?"

"आपलं. लिहिलंय की."

"पुरुषाचं घर कुठे असतं? म्हणजे, आमच्याकडे किसुमूतसुद्धा, गावच्या घरी घर असतं ते बायकोचं. ह्या बायकोचं घर, त्या बायकोचं घर. पुरुष नुसता राहतो." ती हे वर्गात विचारावं तितक्या साधेपणाने विचारत होती. "आजींचं घर तर हे इथे बाजूला आहे. तेव्हापासून तेच. मग आजेसासऱ्यांनी दिलं ते कुणाचं?"

दोर्सिला या घरात सून होऊन आली, तिने आपलं घर मागितलं, तिला आपलं घर मिळालं, तिने आयुष्यभर 'माझं घर' म्हटलं; आणि दर वर्षी ती गोष्ट ऐकून मान डोलावली. हा प्रश्न तिला कधी पडला नाही. लाज वाटली. आणि मग लाजेच्याही आधी एक गोष्ट जाणवली, की मांडीवरचं, आता खांद्यावरचं पोर गप्प होतं.

ते मिल्ड्रेडकडे बघत होतं. टक लावून, वर्गातलं शहाणं मूल बघतं तसं.

मग पुन्हा तो सूर सुरू झाला.

"आईकडे चला," दोर्सिला म्हणाली.

"आईला झोपू दे," हेझ्रोन घाईने म्हणाला. "उद्या तिला दिवसभर बसायचंय."

"ती झोपलेली नाही. महिनाभर तुमची आई नातवाच्या पोराला बघायला एकदाही आली नाही, हे कुणाच्या लक्षात आलंय का?"

युनिया आपल्या घरात, खाटेच्या कडेला, पाय जमिनीला लावून बसली होती. चर्चमधले सगळे तिला चर्चची आई म्हणत. दृष्टी गेली होती, पण त्यांच्या पावलांवरून तिने एकेकाला ओळखलं आणि पोराचा सूर दारात आला तशी हाताने तोंड झाकलं.

"त्याला बाहेर ठेवा."

"आई," दोर्सिला तिच्यासमोर जमिनीवर बसली, "चर्च आहे तिथे कुणाचं घर होतं?"

"तुझ्या सासऱ्यांचं."

"सासऱ्यांचं नव्हतं. पुरुषाचं घर नसतं."

"कोण म्हणतं?"

"मिल्ड्रेड म्हणते. शिकलेली आहे ती."

म्हातारीच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "शिकलेली. तिने दगड वाचला, होय ना? मी नाशोनला म्हटलं होतं, हे तोंडी आहे तेच बरं. दगडावर घातलं की कुणीतरी वाचतं."

नाशोनने दार लावून घेतलं. खिडकीतून येणारा उजेड पोराच्या डोक्यावर पडला होता आणि ते आता म्हातारीकडे वळून रडत होतं, मोठ्याने नाही. कानाशी सांगावं तसं.

"तिचं घर होतं," युनिया म्हणाली. "माझ्या सवतीचं. ती थोरली. मी नंतर आले. मी आले तेव्हा तिने मला आपल्या चुलीवरून विस्तव दिला."

"तुला सवत नव्हती," नाशोन म्हणाला. ते त्याने उपदेशाच्या आवाजात म्हटलं आणि त्याचं त्यालाच ते लहान वाटलं असावं.

"गोरा पाद्री आला होता," म्हातारी पुढे बोलत राहिली. "त्यांचा कायदा होता, पहिली ठेवायची, दुसरी सोडायची, मगच बाप्तिस्मा. त्याने तुझ्या बापाला विचारलं, पहिली कोणती. देवासमोर विचारलं. तुझ्या बापाने माझ्याकडे बोट केलं."

"आणि तू काय म्हणालीस?" हेझ्रोनने विचारलं.

"मी तरणी होते. बोट माझ्याकडे होतं. मी ते कशाला दुसरीकडे वळवू?"

"ती कुठे होती तेव्हा?"

"तिथेच. पाद्र्यासाठी अंडी उकडत होती. तिने ऐकलं. अंडी सोलली, मीठ लावलं, वाढली. मग एक मडकं डोक्यावर घेतलं आणि किनाऱ्याकडे गेली. उयोमाची होती ती, पलीकडच्या काठाची. होडी मिळाली असेल. चूल पेटलेलीच ठेवून गेली. तुझ्या बापाने विस्तव तिथेच मातीत पुरला आणि वर पहिली भक्ती केली."

कुणी त्या ओल्या गोलाचं नाव काढलं नाही. पण हेझ्रोन भिंतीला टेकून खाली बसला.

"तिला मूल होणार होतं का?" मिल्ड्रेडने विचारलं.

"मला माहीत नाही." म्हातारीने खाटेची कड चाचपली. "मी विचारलं नाही."

"आणि गुरं?" हेझ्रोनने विचारलं. "लग्नात तिच्यासाठी दिलेली गुरं तिच्या बापाने परत पाठवली?"

"मागितलीच नाहीत. मागितली असती तर सगळ्या मुलखाला कळलं असतं की गुरं देऊन आणलेली बायको होती."

हेझ्रोनने मान खाली घातली. दोर्सिलाला त्याची आकडेमोड ऐकू येत होती, कारण तीच तिचीही चालली होती. गुरं परत आली नाहीत म्हणजे काडीमोड झाला नाही. काडीमोड झाला नाही म्हणजे ती या घरची थोरली, जिवंत असो वा मेलेली. मग युनिया चर्चची आई नाही, धाकटी बायको. हेझ्रोन थोरल्या घराचा थोरला नाही. ती स्वतः थोरली सून नाही. आणि हे चर्च, एवढं मोठं, एवढ्या माणसांचं, ते एका खोट्या शपथेवर उभं. तिने हे सगळं एका बाजूला मांडलं, दुसऱ्या बाजूला ती खोल गेलेली टाळू. हिशेब लगेच झाला.

"तिचं नाव सांगा, आई."

"नाही, वहिनी." नाशोन मधे आला. "उद्यापर्यंत थांबा. बिशप जाऊ देत, मग आपण घरातल्या घरात..."

"पोर उद्यापर्यंत थांबणार आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊजी?"

"काका," मिल्ड्रेड शांतपणे म्हणाली, "मी तुमच्या पाया पडते, पण तुम्ही आता बोलू नका."

युनियाने हात पुढे केले. आजवर तिने या पोराला घेतलं नव्हतं. दोर्सिलाने ते तिच्या हातात दिलं.

"नाव घेतलं की ती मेली," म्हातारी म्हणाली. "जिवंत माणूस नाव मागत नाही. मी इतकी वर्षं ते नाव तोंडातून काढलं नाही, ते लाजेने, असं माझी मी म्हणायचे. तिकडे ती जिवंत असेल, नांदत असेल, असंही म्हणायचे." तिने पोराच्या कपाळाला नाक लावलं. "आगोला."

पोर थांबलं.

ते थांबणं वेगळं होतं. भिंतीपलीकडल्या बाईने हाक ऐकून मान वर करावी, तसं. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. नाशोनलाही, कारण त्याचा हात आपोआप गळ्याच्या पट्टीकडे गेला. बाहेर मंडपवाल्यांची ठोकाठोक ऐकू येऊ लागली. इतका वेळ ती चालूच होती. मिल्ड्रेडने अंगावरचं कापड सारखं करून पोराला अंगावर घेतलं. त्याने तोंड लावलं, एक घोट ओढला, दुसरा ओढला.

आणि सोडून दिलं. पुन्हा तोच सूर.

"बघितलंत?" नाशोन म्हणाला. त्याच्या बोलण्यात सुटका होती, आणि त्याबद्दल दोर्सिलाने त्याला नंतर कधी माफ केलं नाही. "या गोष्टींना काही अर्थ नसतो."

"आहे," युनिया म्हणाली. "आपण चोरून बोललो. दार लावून. मेलेल्या थोरलीला घरात घ्यायची ही रीत आहे का? तिच्यासाठी कुणी रडलंय?" ती उठली. काठी शोधली नाही. "दोर्सिला, मला तिच्या घरी ने."

"आई, फाटकाशी बिशपांचा माणूस बसलाय." नाशोन दारात उभा राहिला.

"मग त्यालाही ऐकू जाईल. बाजूला हो, नाशोन. बाईच्या मरणात पाळकाचं काम शेवटी येतं."

तो बाजूला झाला की तिनेच त्याला सारलं, ते दोर्सिलाला कळलं नाही. अंगणात भर दुपारचं ऊन होतं. कोंबड्या आंब्याखाली होत्या, चर्चच्या सावलीत एकही नव्हती. युनिया दोर्सिलाच्या हाताला धरून नव्या चर्चच्या उघड्या दारापाशी गेली, उंबरठ्याच्या अलीकडेच थांबली, डोक्यावरचं चर्चच्या आईचं पांढरं फडकं सोडून कमरेला बांधलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून तिने हंबरडा फोडला.

तो आवाज त्या देहातून आला यावर विश्वास बसला नसता. तो चर्चच्या रिकाम्या पोटात गेला, आणि परत आला. जरा उशिरा आला. युनियाचा आवाज चिरका होता. परत आलेला खालच्या पट्टीतला होता. युनियाने दम घ्यायला तोंड मिटलं, तेव्हाही तो आतून येतच होता.

"रिकामी इमारत आहे," हेझ्रोन म्हणाला. "बाकडी आली की होणार नाही."

युनियाने आतल्या आवाजाचं संपू दिलं, मग आपला सुरू केला. परत आतून उत्तर. दोघी बायका कुटताना मुसळं आलटून पालटून मारतात, तसं ते चाललं.

मग माणसं यायला लागली. मंडपवाले हातोड्या टाकून आले, किनाऱ्यावरून मासळी वाळवणाऱ्या बायका ओल्या हातांनी धावत आल्या, गाण्याची तालीम सोडून पोरी आल्या. फाटकातून आत शिरतानाच ओरडत होत्या, कोण गेलं, कोण गेलं. बिशपांचा माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला, कुणासाठी ते न कळून. सगळे हेझ्रोनकडे बघत होते, तो नाशोनकडे बघत होता, आणि नाशोन जमिनीकडे.

"कोण गेलं, आई?" कुणीतरी जवळ येऊन विचारलं.

युनिया वळली. तिची विझलेली नजर साऱ्या अंगणावरून फिरली.

"माझी थोरली गेली," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की फाटकापर्यंत जावं.

तरुण मंडळी एकमेकांकडे बघू लागली. थोरली कोण, कुणाची थोरली. पण म्हाताऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. एकेकाने टोपी काढली. शेजारच्या वस्तीवरची पर्सिला, जी वर्षानुवर्षं पहिल्या बाकड्यावर बसून स्थापनेची गोष्ट डोळे मिटून ऐकायची, ती पुढे आली, तिने युनियाच्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली. "आगोला," ती रडत होती. "उयोमाच्या लेकी, आगोला गं." तिला ते नाव कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यामागून दुसरीने उचललं, मग तिसरीने.

दोर्सिला तशीच उभी राहिली. हे सगळे म्हातारे इतकी वर्षं त्या जमिनीवर गुडघे टेकत आले होते. सगळ्यांना नाव पाठ होतं.

शेजारून तिला एक बारीक आवाज ऐकू आला, ओला, एका तालातला. मिल्ड्रेड तिथेच दगडावर बसली होती आणि पोर दूध पीत होतं. घोट, घोट, घोट. थांबत नव्हतं. मिल्ड्रेडच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हलायला घाबरत होती.

अंगणभर बायका रडत होत्या, इतक्या मोठ्याने की आंब्यावरची पाखरं उडाली. दोर्सिलाने चर्चच्या उघड्या दाराकडे कान दिला. आतून काहीच परत येत नव्हतं.